अकाटामा प्लगइन: भूआच्छादन नकाशा तपासताना कुठे उपयोगी, कुठे अडतं

क्यूजीआयएस या नकाशे हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भूआच्छादन नकाशाची (कुठे जंगल, कुठे शेती, कुठे पाणी हे दाखवणाऱ्या नकाशाची) अचूकता तपासायची असेल, तर अकाटामा हे मोफत प्लगइन डोळे झाकून उतरवून घ्या. वापरताना मात्र डोळे उघडे ठेवा. कोलंबियाच्या आयडीईएएम या सरकारी संस्थेतल्या जंगल-कार्बन देखरेख गटाने ते बनवलंय. नकाशा, सॅम्पलिंग (तपासायचे बिंदू निवडणं), लेबलिंग (प्रतिमा पाहून प्रत्येक बिंदूचा खरा वर्ग ठरवणं), विश्लेषण असं ओळीने काम चालतं.

खरा फायदा विश्लेषणात. समजा नकाशात ९८ टक्के जंगल आणि २ टक्के तोड (जंगल कापलेला भाग) आहे. जंगलातल्या १५० बिंदूंपैकी ३ प्रत्यक्षात तोड निघाले, तोडीतल्या ५० पैकी ४० बरोबर आले. एक्सेलमध्ये नुसती मोजदाद केली तर तोडीचे ४३ पैकी ४० बिंदू नकाशाने पकडले, म्हणजे ९३ टक्के. झकास! पण जंगलातला एकेक बिंदू कितीतरी मोठ्या क्षेत्राच्या वतीने बोलत असतो. क्षेत्राचं वजन लावलं की तोडीची प्रोड्युसर अचूकता (खऱ्या तोडीपैकी नकाशाने पकडलेला वाटा) थेट ४५ टक्क्यांवर घसरते आणि तोडीचं क्षेत्र २ नव्हे, सुमारे ३.६ टक्के निघतं. हे गणित अकाटामा स्वतः करतं, कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट (अंदाज किती मागेपुढे असू शकतो त्या मर्यादेसकट).

मात्र चुकीचा माल घातला तर उत्तरही चुकीचंच. रास्टरच्या (पिक्सेलच्या चौकटींनी बनलेल्या नकाशा-फाइलच्या) रिकाम्या कडांचं शून्य नोडेटा, म्हणजे ‘माहिती नाही’, म्हणून नोंदवलं नसेल, तर तोही एक वर्ग धरला जातो आणि सगळी वजनं बिघडतात. नकाशा अक्षांश-रेखांशात असेल तर आधी समक्षेत्र (क्षेत्रफळ बरोबर राखणाऱ्या) प्रक्षेपणात आणा, नाहीतर हेक्टरांवर भरवसा ठेवता येत नाही. क्षेत्राच्या प्रमाणात बिंदू वाटले की दुर्मीळ वर्गाच्या वाट्याला चार-पाचच येतात. तिथे वर्गागणिक संख्या हाताने भरा, किमान ५०.

लेबलिंगची खिडकी सोयीची आहे: शेजारीशेजारी वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा, आणि प्रत्येक वर्गाला एक बटण. तिथे तपासायचा नकाशा मात्र लावू नका. तो समोर दिसला की संशयास्पद बिंदूवर हात आपोआप त्याच्याच बाजूने जातो. कडेवरच्या मिश्र पिक्सेलसाठी नियमही आधीच ठरवा, उदाहरणार्थ निम्म्याहून जास्त भाग ज्याचा तो वर्ग.

एकाने बसून तपासायच्या कामाला हे उत्तम. चार-पाच जणांनी वाटून लेबलं द्यायची असतील तर ब्राउझरवर चालणारं कलेक्ट अर्थ ऑनलाइन बरं पडतं.