आजीची कॅसेट आणि मारुती गल्लीतले टेपवाले मामा

घरातल्या माणसाचा आवाज जुन्या कॅसेटमध्ये अडकून पडला असेल, तर बेळगावात मारुती गल्लीच्या मागच्या बोळातलं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान गाठा. पाटी नाही. टेपवाले मामा कुठं बसतात असं विचारलं की कुणीही दाखवतं. सिनेमाच्या गाण्यांसाठी एवढी यातायात नको, ती फोनवर मिळतात. गेलेल्या माणसाचा आवाज मात्र दुसरीकडं मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची कॅसेट १९८६ सालची. निपाणीच्या घरी काकांनी टेप लावून आजीला गायला बसवलं होतं. आजी पोलंडची. १९४० साली सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना सायबेरियाकडं हाकललं, त्यात तीही. १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली, आणि इराणमार्गे ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आली. १९४३ ते १९४८ तिथं सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. आजोबा छावणीला भाजी पुरवणाऱ्या ठेकेदाराकडं हिशेब लिहायचे. छावणी उठली, बाकीचे बहुतेक परदेशी गेले, आजी निपाणीची सून झाली. मराठी अगदी इथल्या बायकांसारखं बोलायची, पण गावाचं नाव विचारलं की गप्प. आम्हा नातवंडांना झोपवताना लहानपणची गाणी म्हणायची, तीही अर्धी आठवलेली. तिच्या माहेराचा आमच्याकडं उरलेला पुरावा म्हणजे ही गाणीच.

आधी कॅसेट दुसऱ्या एका दुकानात दिली होती. त्यांनी एमपीथ्री करून दिलं, एकदम गुळगुळीत. सरसर नाही, खरखर नाही. माझा भाचा पोलंडमध्ये व्रोत्सवाफला शिकतो, त्याला पाठवलं. त्याच्या घरमालकीणबाईंनी ऐकून सांगितलं, चाल ओळखीची वाटते, पण शब्द लागत नाहीत. याचं कारण मला मामांनी समजावलं. टेपची सरसर आणि माणसाचे स, श, च हे दोन्ही आवाजाच्या वरच्या पट्टीत असतात. मशीननं सरसर पुसली की तेही पुसले जातात. मराठीत त्यातूनही भागतं, पण पोलिश भाषा श-च च्या जवळजवळच्या छटांवरच उभी आहे.

मामांनी कॅसेट लावून बघण्याआधी पाच स्क्रू काढून ती उघडली. टेपला हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता, तो दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवला. आमच्याकडच्या पावसाळ्यांनी कडेला पांढरी बुरशी धरली होती, ती मऊ कापडानं हलक्या हातानं पुसली. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू, कानाला हेडफोन लावून, केसाएवढा फिरवत राहिले. एका जागी आजीचा आवाज असा उघडला की मी खुर्चीतून उठले.

काकांचा टेप त्या वेळी हळू फिरत असणार, कारण आजी चिरक्या आवाजात भराभर गात होती. मागं विजेची घरघर होती. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅसेटमधली घरघर मात्र ५४ च्या आसपास भरली. मामांनी तेवढा वेग खाली आणला आणि आजीचा मूळचा जाड आवाज परत आला. सरसर काढायची का, असं विचारल्यावर म्हणाले, "राहू दे वो अक्का. ती काढली की आजीबी जातीया तिच्यासंगं."

ही प्रत घरमालकीणबाईंनी लगेच ओळखली. त्यांचे आईवडील युद्धानंतर ल्विवहून व्रोत्सवाफला आलेले; ल्विव तेव्हा पोलंडमध्ये होतं, आता युक्रेनमध्ये आहे. पहिलं गाणं दोन करड्या मांजरांचं, पोलंडमध्ये घरोघरी म्हणतात ते. दुसरं युक्रेनी अंगाईगीत: खिडक्यांपाशी झोप फिरते, कुंपणापाशी पेंग. तिसऱ्यात दोन्ही भाषांच्या ओळी मिसळल्यात.

आजीच्या कागदावर नुसतं 'पोलिश' आहे. यावरून ती युक्रेनी होती असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं खानापूरच्या मराठी घरात कन्नड जोगुळ, म्हणजे अंगाई, ऐकू येतंच की. पण तिचं गाव शोधायची दिशा ठरली. तेव्हाच्या पूर्व पोलंडमधल्या, आता युक्रेनमध्ये असलेल्या वोल्हीनिया प्रांतात १९३१ च्या जनगणनेप्रमाणं दर तिघांत दोघं युक्रेनी बोलणारे होते. अख्खा पोलंड पालथा घालण्यापेक्षा आता वोल्हीनिया आणि ल्विवकडचा मुलूख बघायचा. पोलिश लोकगीत-संग्राहक ओस्कर कोल्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेल्या लोकगीतांतला वोल्हीनियाचा खंड १९०७ साली निघाला. तिसऱ्या गाण्यासाठी भाचा तोच चाळतोय.

आता दुकानाच्या उण्या बाजू. मामा एकटेच, त्यामुळं महिनाभर धीर धरावा लागतो. पावती देत नाहीत, कॅसेटवर नाव लिहूनच द्या. एका बाजूचे चारशे रुपये घेतात, शहरात याहून स्वस्तात करून देणारे आहेत, पण मला ते महाग वाटले नाहीत. एमपीथ्रीसारखी आवाज न दाबणारी वेव्ह फाइलच मागा, आणि दोन प्रती घ्या: एक जशीच्या तशी, एक वेग दुरुस्त केलेली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक प्रत दीड जीबीपर्यंत जाते, तेव्हा पेनड्राइव्ह मोठा न्या.