ग्रॅब बार, एक पावसाळा वापरल्यानंतर: दांडा ठणठणीत, सोबतचे स्क्रू मात्र फेकून द्या

कमोडशेजारचा, धरून उठायचा बार वरच्या बाजूने हलायला लागला, म्हणून हे सविस्तर लिहावं लागतंय. २४ इंची, ३२ मिमी जाडीचा, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा बार, दोन्ही टोकांना तीन-तीन भोकांची फ्लँज, म्हणजे भिंतीला टेकणारी चकती. बाकीचे आकडे विक्रीच्या पानावर आहेतच. दांड्यावर डाग नाही, वेल्डिंग शाबूत आहे. सुटलीय ती भिंतीतली पकड, आणि त्याला कारण बॉक्समधून आलेली स्क्रूंची पुडी.

फ्लँजवरची झाकणी सरकवली तर वरचे दोन्ही स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होते. ओढल्यावर गिट्टीसकट, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या भोकातल्या प्लास्टिकच्या नळीसकट, बाहेर आले. स्क्रूची लांबी ३५ मिमी. आता आपल्याकडची बाथरूमची भिंत बघा: ८ मिमी टाइल, तिच्यामागे १५-२० मिमी मसाला, बऱ्याच ठिकाणी त्याच्याही मागे प्लास्टर, आणि मग वीट. म्हणजे हा स्क्रू विटेला जेमतेम शिवतो किंवा तिथवर पोचतच नाही. बार भिंतीपासून दीड इंच पुढे असतो, त्यामुळे माणूस खाली जोर देऊन उठतो तेव्हा खालचा स्क्रू भिंतीत रेटला जातो आणि वरचे बाहेर ओढले जातात. असं रोज, प्रत्येक उठण्या-बसण्याला. मसाल्यातलं भोक रुंदावत जातं आणि गिट्टी सैल होते.

कस्टमर केअरचं उत्तर: ‘बारला वॉरंटी आहे, फिटिंगला नाही.’ हे अजिबात पटलं नाही. भोकं कुणीही पाडली तरी स्क्रू आणि गिट्टी कंपनीच्याच बॉक्समधली आहेत. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या मानकात २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोंचा भार नुसत्या दांड्याने नाही, तर स्क्रूंनी आणि मागच्या आधारानेही सोसावा असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे बॉक्सवर छापलेला किलोंचा आकडा बहुतेकदा फक्त दांड्याचा असतो. हजार-बाराशे रुपये घेऊन पन्नास रुपयांचे धड स्क्रू देता येत नाहीत? ओल्या फरशीवर सत्तरीपुढचं माणूस या दांड्याच्या भरवशावर उठतं. तो टॉवेल वाळत घालायला घेतलेला नाही.

आता जे टिकलं ते सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिमीचे एसएस (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू आणि १० मिमीच्या लांब नायलॉन गिट्ट्या आणा. स्क्रूचं डोकं फ्लँजच्या भोकात बसतंय ना, ते दुकानातच बघा. टाइल नाण्याने ठोकून पोकळ आवाज येत असेल तर जागा बदला. नळ आणि गिझरच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, तिथे पाइप असतो. टाइलवर मास्किंग टेप लावून, ड्रिलला भाल्यासारख्या टोकाचं बिट लावून, हॅमर (ठोके मारत भोक पाडायची सोय) बंद ठेवून टाइल पार करायची. हॅमर चालू करायचा तो त्यानंतरच. भोक ८० मिमी खोल. चुरा फुंकून, ब्रशने खरवडून, पुन्हा फुंकून काढा. मिस्त्री नेमकं हेच टाळतात, आणि चुरा राहिला की गिट्टी धरत नाही. गिट्टी टाइलच्या तोंडाशी न ठेवता आत ढकला, नाहीतर स्क्रू आवळताना ती फुगते आणि टाइल तडकते. फ्लँजची दोन भोकं वर, एक खाली. सिलिकॉन वरून आणि बाजूंनी लावा, खाली थोडी फट सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येईल.

भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची) असेल तर साधी गिट्टी जागच्या जागी फिरते. तिथे सिपोरेक्ससाठीचा खास अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) हवा. पलीकडची बाजू मोकळी असेल तर आरपार बोल्ट आणि मागे स्टीलची पट्टी, हे सगळ्यात भक्कम. व्हॅक्यूम कपवाला बार मात्र घेऊच नका. खडबडीत टाइलवर किंवा कप सांध्यावर आला की हवा शिरते, आणि तो सुटतो तो नेमका जोर पडल्यावर.

पकडीच्या भागावरच्या बारीक चऱ्यांबद्दल मत बदललं. सुरुवातीला त्यांत साबणाचा थर बसतो म्हणून राग यायचा. पण साबणाच्या किंवा तेलाच्या हाताला गुळगुळीत चकचकीत दांडा धरवत नाही, चऱ्यांवर हात थांबतो. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने घासलं की थर निघतो.

उंची मिस्त्रीला ठरवू देऊ नका. त्याच अमेरिकी मानकात जमिनीपासून ३३ ते ३६ इंच दिलेत, पण आपल्याकडच्या पाच फुटांच्या आजींना ते उंच पडतं. त्यांना कमोडवर बसवून, हात पुढे ठेवायला लावून टाइलवर पेन्सिलने खूण करा. कोपर किंचित वाकलेलं हवं. दाराच्या उंबरठ्याजवळ एक १२ इंची उभा बारही लावा. पाय उचलताना म्हातारी माणसं तिथे टॉवेलची दांडी नाहीतर दाराची कडी धरतात, आणि दोन्ही वजन घेत नाहीत.

रात्रीसाठी बार पुरेसा नाही. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताच दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बार धरून मिनिटभर बसायचं, मग उठायचं.

फरशी अ‍ॅसिडने धुणाऱ्यांनी बारवर थेंब उडू देऊ नयेत, ३०४ स्टीलही त्याने खड्डे पडून गंजतं. लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येतं असं दुकानदार सांगतात, पण स्वस्त २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही; बिलावर ग्रेड लिहून घ्या.

दांड्याला पाचपैकी पाच, पुडीला शून्य. नवे स्क्रू बसवल्यापासून बार जराही हललेला नाही. तरी दर महिन्याला झाकणी सरकवून वरचे दोन स्क्रू स्क्रूड्रायव्हरने तपासतो, आणि ज्यांच्या घरी असा बार आहे त्यांनी आजच तपासावेत.