सहा आठवड्यांत अ‍ॅनाटॉमी, आठ आठवड्यांत मायक्रो: नर्सिंगचं पहिलं वर्ष संपत आल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, कारण मलाही अभिप्राय शेवटून वाचायची सवय आहे. नर्सिंगला अर्ज करण्यापूर्वी लागणारे सायन्सचे विषय उन्हाळी टर्ममध्ये उरकायचे असतील तर अ‍ॅनाटॉमी (शरीराची रचना) घ्या, मायक्रोबायॉलॉजी (जंतूंचा अभ्यास) तर जरूर घ्या, पण फिजिऑलॉजीला (शरीराचं काम कसं चालतं) उन्हाळ्यात हात लावू नका. ती नेहमीच्या लांब सेमिस्टरलाच करा. तिन्ही विषयांना ग्रेड सारखीच मिळू शकते आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, युनिट्सही (क्रेडिट) तितकीच दिसतात. फरक कळतो तो नंतर, वॉर्डात उभं राहिल्यावर.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहते. भारतातली पदवी कॉमर्सची, म्हणजे दहावीनंतर सायन्सशी संबंध सुटलेला. एका कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात सहा आठवड्यांची अ‍ॅनाटॉमी केली, त्याच वर्षीच्या फॉलमध्ये, म्हणजे शरद ऋतूतल्या सेमिस्टरमध्ये, पूर्ण लांबीची फिजिऑलॉजी आणि पुढच्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांची मायक्रो. नंतर दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला प्रवेश मिळाला. आता त्याचं पहिलं वर्ष संपत आलंय, त्यामुळे तेव्हा घोकलेल्यापैकी काय टिकलं आणि काय वाहून गेलं ते बऱ्यापैकी समोर आहे.

उन्हाळ्याचा मोह का पडतो ते आधी. हे तीन विषय एकदम घेता येत नाहीत. बहुतेक कॉलेजांत अ‍ॅनाटॉमी झाल्याशिवाय फिजिऑलॉजी मिळत नाही आणि मायक्रोच्या आधी केमिस्ट्री लागते. शिवाय इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्स असतंच. अशी साखळी असल्यामुळे एक कडी उन्हाळ्यात उरकली की अर्जाची एक फेरी वाचते, आणि अर्ज वर्षातून एकदा किंवा फार तर दोनदाच घेतात. म्हणजे सहा आठवडे घाम गाळून पुष्कळदा अख्खं वर्ष हाती लागतं. वयाच्या पस्तिशीनंतर हा हिशेब फार मोहात पाडतो.

पण दुसरा हिशेबही करा. चार युनिटच्या लॅबसकट क्लासला नेहमीच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला तीन तास लेक्चर आणि तीन तास लॅब असते. सगळे मिळून साधारण १०८ तास होतात. तेच सहा आठवड्यांत बसवले की आठवड्याला १८ तास. लेक्चरच्या प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास हे कॉलेजचंच गणित आहे, ते धरलं की आठवड्याचे ३६ तास झाले. हे कागदावरचं. माझ्यासारखं ‘प्रॉक्सिमल’ आणि ‘डिस्टल’ हे शब्दही ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलेत त्यांनी यात आणखी भर धरावी. नोकरी चालू ठेवून सहा आठवड्यांचा लॅबवाला क्लास करणारे लोक असतात, मी पाहिलेत. दुसऱ्या परीक्षेनंतर त्यातले बरेचसे दिसेनासे होतात.

इथेच एक बारीक अक्षरातली गोष्ट येते. क्लास सोडायचा असेल तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (क्लास सोडल्याचा शेरा) न लागता सोडण्याची मुदत क्लासच्या लांबीच्या प्रमाणात असते. सोळा आठवड्यांत विचार करायला निदान दोन-तीन आठवडे मिळतात. सहा आठवड्यांच्या टर्ममध्ये ती मुदत पहिल्या आठवड्याच्या आसपासच संपते, बहुधा पहिली परीक्षा होण्याआधीच. आणि कॅलिफोर्नियातल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांत निवडीच्या वेळी या तीन विषयांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) तर बघतातच, पण विषय पुन्हा घ्यावा लागला का तेही मोजतात. ‘जमलं तर जमलं, नाहीतर सोडून देऊ’ अशा विचाराने उन्हाळी क्लासला बसणं म्हणूनच महागात पडतं.

आता एकेक विषय.

अ‍ॅनाटॉमी. सोमवार ते गुरुवार, सकाळी लेक्चर, मग जेवणाचा डबा, मग लॅब. पहिल्या आठवड्यात पेशी, ऊती आणि त्वचा, दुसऱ्यात हाडं. २०६ हा आकडा शाळेत पाठ केला होता, पण इथे एकेका हाडावरचे खड्डे, उंचवटे आणि भोकंही नावानिशी सांगावी लागतात. लॅबची परीक्षा म्हणजे टेबलांवर मॉडेल, हाडं, मेंढीचा मेंदू, सगळ्यांत टाचण्या खोचलेल्या, एका टेबलापुढे एक मिनिट, घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे. मागे वळून बघायचं नाही आणि स्पेलिंग चुकलं तर गुण जातात. मेंढीचा मेंदू कापायचा म्हटल्यावर घरी वांगंसुद्धा निवडून चिरणाऱ्या शाकाहारी माणसाचं काय होतं असं मला विचारतात. काही होत नाही. दुसऱ्या दिवशी फक्त वासाचा त्रास राहतो.

हा विषय उन्हाळ्यात जमतो, कारण तो मुळात पाठांतराचा आणि नजरेचा आहे. रोज चार-पाच तास त्याच सांगाड्याजवळ गेल्यामुळे डोळ्यांना सवय लागते. लांब सेमिस्टरमध्ये मंगळवारी बघितलेलं मॉडेल पुन्हा गुरुवारी दिसतं, मधल्या दिवशी निम्मं विसरायला होतं. तोटा टिकण्यात आहे. एकाच गठ्ठ्यात पाठ केलेलं लवकर पुसलं जातं आणि अंतरं ठेवून उजळलेलं टिकतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. सहा आठवड्यांच्या टर्ममध्ये अंतर ठेवायला जागाच नसते. ते अंतर क्लास संपल्यावर आपण ठेवायचं. मी अंकी या पाठांतराच्या अ‍ॅपवर कार्डं बनवली होती आणि परीक्षेनंतरही ती रोज थोडी थोडी चालू ठेवली. हातापायांच्या स्नायूंची कार्डं मात्र कंटाळून बंद केली, आणि आज तेच स्नायू मला आठवत नाहीत. हाडं आठवतात. कमरेत इंजेक्शन द्यायला शिकवलं तेव्हा ग्रेटर ट्रोकँटरवर (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा) तळहात, एक बोट कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, दुसरं त्याच हाडाच्या वरच्या कडेकडे, म्हणजे इलियाक क्रेस्टकडे, हे इन्स्ट्रक्टरने सांगेपर्यंत माझा हात तिथे पोचलेला होता. वर्गात कुणालाही उन्हाळी आणि लांब सेमिस्टरवाले अ‍ॅनाटॉमीवरून वेगळे ओळखता येणार नाहीत.

मायक्रो हा सगळ्यात सुखद धक्का. मला वाटलं होतं की हा विषय उन्हाळ्यात सर्वांत अवघड जाईल, कारण क्लास आखडला तरी जंतू काही घाईने वाढत नाहीत. प्लेटवर रेघा ओढून ३७ अंशांना ठेवलं की २४ ते ४८ तास थांबावंच लागतं. पण हीच गोष्ट उन्हाळ्यात फायद्याची ठरते. आठवड्यातून चार दिवस लॅब असल्याने काल पेरलेली प्लेट आज बघता येते, आज काढलेल्या निष्कर्षावर उद्याची चाचणी ठरते. नेहमीच्या सेमिस्टरमध्ये आठवड्यातून दोनदाच जायचं असतं, मधल्या काळात प्लेटा फ्रिजमध्ये पडून राहतात आणि आपण काय शोधत होतो तेच डोक्यातून जातं. प्रत्येकाला एक अनोळखी जंतू नळीत घालून देतात आणि तो ओळखून दाखवायचा असतो. तो प्रकल्प मी अक्षरशः रहस्यकथेसारखा केला. आधी ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून बघायची पद्धत: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. जांभळा की गुलाबी यावरून निम्मे संशयित बाद. मग कॅटालेज या एन्झाइमची चाचणी, मग साखरी आंबवतो का, असं करत करत एका नावापाशी यायचं. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं की जांभळासुद्धा गुलाबी दिसायला लागतो, म्हणून तो स्टेन हाताला बसेपर्यंत करायचा. उन्हाळ्यात तो रोज होत असल्याने पटकन बसतो.

आणि हे ज्ञान वॉर्डात पहिल्या दिवसापासून लागतं. सी. डिफ (जुलाब करणारा आतड्यातला जंतू) असलेल्या रुग्णाच्या खोलीतून बाहेर पडताना सॅनिटायझर न वापरता साबण-पाण्यानेच हात धुवायचे, कारण त्या जंतूच्या स्पोअर्सना (त्याच्या कवचबंद, चिवट रूपाला) अल्कोहोलने काही होत नाही. टीबीला साधा मास्क चालत नाही, एन-९५ लागतो. बाकीचे हे नियम म्हणून पाठ करत होते, मला त्यामागचं कारण आधीच माहीत होतं.

आता फिजिऑलॉजी. मी ती उन्हाळ्यात घेतली नाही यात माझं शहाणपण काहीच नाही. वेटलिस्टवर होते, नंबर लागला नाही, म्हणून फॉलला गेले. माझी अभ्यासाची जोडीदार, मनिलाहून आलेली, तिला जागा मिळाली आणि तिने ती सहा आठवड्यांत केली. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. दोघींना ए मिळाला, दोघी आता एकाच बॅचमध्ये आहोत. तिच्या परवानगीने लिहिते: नेफ्रॉन (किडनीतल्या बारीक गाळण्या), आम्ल-अल्काचा तोल आणि हार्मोन्स हे तिने मिळून दीड आठवड्यात केलं, परीक्षा दिली आणि पुढे गेली. मला याच भागाला महिन्याहून जास्त वेळ मिळाला. नेफ्रॉनमधल्या हेन्लेच्या लूप नावाच्या नळीत क्षार बाहेर कसे पडतात आणि त्यामुळे पाणी कसं ओढलं जातं, हे पहिल्यांदा वाचून कुणालाच कळत नाही. वाचायचं, सोडून द्यायचं, भाजी फोडणीला टाकताना अचानक काहीतरी जुळतं, पुन्हा वाचायचं. हाडाचं नाव रात्रभर जागून पाठ होतं, पण हे तसं होत नाही.

फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या विषयात, फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध आलं. ते त्याच लूपच्या जाड भागावर काम करतं, लघवीवाटे पोटॅशियम जातं, आणि रुग्ण डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर असेल तर कमी पोटॅशियममुळे डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते. माझ्यासाठी ही एकच सलग गोष्ट होती. तिच्यासाठी त्या तीन सुट्या ओळी होत्या आणि तिन्ही घोकाव्या लागल्या. रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट वाचतानाही तसंच. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६, हे आकडे तिलाही पाठ आहेत. पण फुप्फुसं बिघडली तर किडनी काय करते आणि ते व्हायला काही दिवस का लागतात, यासाठी तिने हिवाळ्याच्या सुट्टीत फिजिऑलॉजीचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून काढलं. तिचं वर्ष वाचलं हे खरं, पण त्यातले काही आठवडे तिने असे परत केले.

प्रवेश परीक्षेबद्दल एवढंच: टीझ (TEAS) या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं असतात, सायन्सच्या ५० प्रश्नांत मानवी शरीराचाच भाग सर्वांत मोठा. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं सहसा ६२ टक्क्यांची अट लावतात. फिजिऑलॉजी संपल्या संपल्या ती देऊन टाका, मायक्रोची वाट बघू नका.

पैशांचं. राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे चार युनिटचा क्लास १८४ डॉलरला, पुस्तकं आणि लॅब कोट वेगळे. एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलात तरी शिकायला बंदी नाही, आणि वर्षभर राज्यात वास्तव्य असल्याचे पुरावे दिले की रहिवासी दरही मिळतो. पुरावे मागतात तेव्हा दोघांच्या नावाचा भाडेकरार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स तयार ठेवा. नर्स म्हणून काम करायला मात्र ईएडी (काम करण्याचा परवाना) लागेल आणि एच-४ ला ते जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर असला तर मिळू शकतं. हे सगळं अ‍ॅनाटॉमीच्या आधी तपासायचं.

आपल्या लोकांना सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट: ज्या कॉलेजांत निवड अनेक निकषांवर गुण देऊन होते, तिथे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येण्यालाही गुण असतात. राज्याच्या कायद्यातल्या यादीत स्पॅनिश, टागालोग यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या भाषाही आहेत. म्हणजे मराठी चालते. पुरावा कसा मागतात ते प्रत्येक कॉलेजचं निराळं आहे, पण शाळेचं जुनं प्रमाणपत्र भारतातून मागवून ठेवायला हरकत नाही. ते मिळवायला अ‍ॅनाटॉमीपेक्षा जास्त दिवस लागू शकतात. सायन्सचे विषय किती जुने चालतात तेही बघा. कुठे पाच वर्षांची अट, कुठे सात, कुठे काहीच नाही. ऑनलाइन लॅब मान्य आहे का हेही जिथे अर्ज करणार तिथल्या काउन्सेलरला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

राहिली मुलं. उन्हाळी टर्म जूनच्या मध्याला सुरू होते आणि शाळाही नेमक्या तेव्हाच बंद होतात. आईला किंवा सासूबाईंना बोलावणार असाल तर तिकीट मे अखेरचं काढा, टर्म सुरू व्हायच्या आठवड्यातलं नको. त्यांचं जेटलॅग आणि तुमची पहिली परीक्षा एकाच रात्री येतात. कुणी येणार नसेल तर समर कॅम्प. त्यांच्या जागा फेब्रुवारी-मार्चमध्येच भरायला लागतात आणि कॉलेजचं उन्हाळी रजिस्ट्रेशन त्यानंतर उघडतं. म्हणजे क्लास मिळेल की वेटलिस्टवर राहाल हे कळण्याआधीच कॅम्पचे पैसे गेलेले असतात. रद्द केलं तर किती परत देतात आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या.