तळ्याकाठचा मुक्काम शोधून देणारा नकाशा

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत तळ्याजवळ, कोणतीही सोय नसलेली मोकळी मुक्कामाची जागा शोधायची असेल, तर वनसेवेचा ‘मोटार व्हेइकल यूज मॅप’ हा विनामूल्य नकाशा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. ज्या रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपके छापलेले असतात, तिथे ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत नेऊन तंबू ठोकता येतो. मात्र या कृष्णधवल नकाशात जमिनीचा चढउतार कळत नाही. ठिपके पाहून गाठलेली एक जागा पाऊल टाकताच घोट्यापर्यंत चिखलाची निघाली, त्यामुळे सोबत समोच्च रेषांचा नकाशा हवाच. तंबू पाण्यापासून २०० फूट दूर ठेवावा, कारण काठावरचे कोवळे गवत एका रात्रीतच तुडवले जाते. बहुतेक वनांत मुक्कामाची मर्यादा १४ दिवसांची असते, तरी स्थानिक रेंजर कार्यालयात विचारून घ्यावे.