गॅस वेल्डिंग की सीओटू: गाडीचा पत्रा जोडताना

खानापूरकडच्या पावसात आणि लाल चिखलात चालणाऱ्या गाड्यांचा दाराखालचा पत्रा आधी सडतो. बेळगावात तो बदलायला दिला की टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, विचारतो, गॅस मारू (ज्योतीने पत्रा वितळवून जोडणं) की सीओटू (विजेने वितळणारी तार, भोवती सीओटू वायूचं आवरण)?

गॅस स्वस्त, आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. पण बॉडीचा पत्रा जेमतेम 0.7 ते 0.8 मिमी. ज्योतीची उष्णता हातभर पसरते, पत्रा लाटेसारखा उठतो आणि मग त्यावर पुट्टीचे थर चढतात. जस्ताचा लेपही लांबवर जळतो, म्हणून दोन पावसाळ्यांत जोडाशेजारीच गंज फुटतो.

सीओटूला 0.8 मिमी तार लावावी. सलग शिवण मारू नये. 25-30 मिमीवर टाके घालायचे, एक इथे तर पुढचा लांब, हात लावून पत्रा निवला का बघायचा, मग मधल्या जागा भरायच्या. घाई केली की भोक पडतं. जोडाच्या आतल्या बाजूंना आधी जस्ताचा वेल्डिंग प्रायमर, शेवटी पोकळीत मेण. हे मेण बहुतेक जण गाळतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाला मात्र गॅस नकोच. तिथलं कडक पोलाद तापलं की मऊ पडतं, अपघातात दुमडतं.

दोन्हींत बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जवळचं कार्पेट, पेट्रोलची नळी बाजूला करा. जस्ताचा धूर छातीत जातो, त्यामुळे काम हवेशीर जागी.