इंजिनाजवळच्या पार्टसाठी इपॉक्सी की व्हिनाइल एस्टर? (मत थोडं एकतर्फी आहे)

मी कोझी मार्क फोर हे छोटं विमान घरीच बांधतोय, मागे लायकॉमिंग ओ-360 इंजिन. पंखांचं काही वाटत नाही, प्लॅनमध्ये जे लिहिलंय ते करत जायचं. डोकं खाल्लं ते कार्ब्युरेटरला हवा नेणारा एल्बो (वाकडा पाइप), एअरबॉक्स (हवा आत घेणारं खोकं) आणि सिलेंडरवरचं प्लेनम (थंड करणारी हवा कोंडून धरणारं झाकण), एवढ्या तीन गोष्टींनी. कापड कार्बनचं घ्यायचं की ग्लासचं यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण उष्णतेपुरता तो वाद फुकटचा, कापडाला काही होत नाही, मऊ पडतं ते रेझिन, म्हणजे कापडात मुरवून कडक होऊ द्यायचं ते द्रव.

माझ्यापुढे शेवटी दोनच उरले, एमजीएस 285 इपॉक्सी आणि डेराकेन 411 व्हिनाइल एस्टर.

कागदावर व्हिनाइल एस्टर जिंकतं, हे आधीच कबूल करतो. 105 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पेट्रोलला दाद देत नाही, पातळ असल्यामुळे कापडात झटकन मुरतं आणि स्वस्तही पडतं. इपॉक्सी नुसती गॅरेजच्या हवेवर सुकवली तर 55-60 अंशांच्या आसपासच ढिली पडायला लागते, आणि काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत, विशेषतः इंजिन बंद केल्यावर हवा खेळायची थांबली की तेवढं तापमान सहज होतं. म्हणजे इपॉक्सी वापरायची तर शेकणं आलंच.

म्हणून मी पहिलं प्लेनम व्हिनाइल एस्टरचंच केलं. निळ्या फोमला त्यातलं स्टायरीन खातं म्हणून मोल्डला नीट टेप गुंडाळली, हार्डनर थेंब मोजून घातला, सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि मग तो वास. आमचं गॅरेज घराला चिकटून आहे, मास्क लावला होता, पंखा लावला होता, दार अर्धं उघडं होतं, तरी तीन दिवस घरभर वास, आणि खरी गंमत पुढच्या आठवड्यात, बायकोने भात लावला तर भाताला प्लास्टिकचा वास. इकडे बहुतेक देशी घरांत असते तशी वीस पौंडांची कोलमची गोणी गॅरेजमध्येच होती. गोणी टाकली. बायको काही बोलली नाही, नुसतं ताट सरकवलं, ते जास्त लागलं.

आता वासावरून कोणी इंजिनाचे पार्ट ठरवतं का, असं म्हणाल. बरोबर आहे. तुमची शेड घरापासून लांब असेल, काम भराभर उरकायचं असेल तर व्हिनाइल एस्टर वाईट नाहीच. फक्त डबा फार दिवस टिकत नाही, आणि आधी सुकलेल्या इपॉक्सीवर ते भरवशाने चिकटत नाही, उलट केलं तर चालतं.

मी मग इपॉक्सीकडे वळलो. तिचा त्रास म्हणजे भट्टी. चंदेरी फॉइलवाले इन्सुलेशन बोर्ड टेपने जोडून खोकं केलं, आत हीट गन, तापमान मोजायला दोन थर्मोकपल. पहिला एल्बो मोल्डवरून काढून मग शेकला, घाई केली, तो पापडासारखा वाकला. दुसरा मोल्डवरच ठेवून हळूहळू 80 पर्यंत नेला आणि रात्रभर ठेवला, तो मात्र जागच्या जागी बसला.

तयार थ्रीडी प्रिंटेड एल्बो का नाही घेतला, असं एकाने विचारलं. मार्च 2025 मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरशायरला एका कोझीचा तसलाच एल्बो गरम होऊन आत बसला, उतरता उतरता इंजिनाची ताकद गेली आणि विमान आदळलं. विकताना 105 अंश सांगितलेलं मटेरियल चौकशीत 53-54 लाच मऊ पडणारं निघालं. म्हणून मी प्रत्येक ले-अपबरोबर (कापड-रेझिनचे थर लावताना) त्याच मालाची एक पट्टी करतो, जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये टोकाला नट-बोल्ट लटकवून तासभर ठेवतो. एक्झॉस्टच्या शेजारी मात्र दोन्हींपैकी कशावरच विसंबू नका, मध्ये पत्रा हवाच.

खरं सांगायचं तर व्हिनाइल एस्टरची पट्टी माझ्या इपॉक्सीपेक्षा जरा ताठच राहिली. टेबलावर पडलीये अजून. नाकाशी नेली की आजही वास येतो.