एससीपी, एसएफटीपी की आरसिंक? विंडोज, लिनक्स आणि मॅकमध्ये फाइली पाठवायला कुठलं घ्यावं

विंडोजचा लॅपटॉप, लिनक्सचा सर्व्हर आणि कुणाकडे तरी मॅक, अशी सरमिसळ असली की फाइली इकडून तिकडे न्यायचा प्रश्न येतोच, आणि मग लोक पेनड्राइव्ह शोध, स्वतःलाच मेल कर, कुठल्यातरी फुकट साइटवर अपलोड कर असले उद्योग करत बसतात. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून हेच काम करायला मुळात तीन रस्ते आहेत, एससीपी, एसएफटीपी आणि आरसिंक. माझं मत आधीच सांगून टाकतो, घाईत असाल तर इथूनच निघा: एकदाच एखादी फाइल टाकायची असेल तर एससीपी, पलीकडे काय काय आहे ते बघत बघत घ्यायचं असेल किंवा एका टोकाला विंडोज असेल तर एसएफटीपी, आणि तेच फोल्डर पुन्हा पुन्हा पाठवायचं असेल तर आरसिंक.

आता सगळ्यात जास्त विचारलं जातं ते म्हणजे यातलं जास्त सेफ कुठलं. खरं सांगायचं तर एन्क्रिप्शनपुरतं बघितलं तर तिघंही सारखेच, कारण तिघांच्याही खाली एसएसएचच आहे (दुसऱ्या कॉम्प्युटरशी एन्क्रिप्टेड कनेक्शन जोडायची पद्धत), तोच २२ नंबरचा पोर्ट, तेच लॉगिन, तीच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल). एसएसएच आलं १९९५ मध्ये, हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून वाचत होतं म्हणून तातू युलोनेन यांनी ते लिहिलं, आणि आज आपण जे वापरतो ते ओपनएसएसएच ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी १९९९ मध्ये काढलं. त्यामुळे "एसएफटीपीत एस आहे म्हणून ते जास्त सेफ" असं काही नसतं. उलट नावामुळे वेगळाच घोळ होतो, एसएफटीपीचा जुन्या एफटीपीशी काही संबंध नाही, आणि एफटीपीएस म्हणजे एफटीपीवर टीएलएस (एचटीटीपीएस वेबसाइटवाल्यांचं एन्क्रिप्शन) चढवलेलं तिसरंच प्रकरण आहे, सर्व्हरवाल्याने "एफटीपी चालू आहे" एवढंच सांगितलं तर नक्की कुठलं ते विचारून घ्या.

आरसिंकमध्ये मात्र एक खाच आहे जी माहीत असायलाच हवी. होस्टच्या नावानंतर एक कोलन दिला तर आरसिंक एसएसएचमधून जातं, दोन कोलन दिले तर ते थेट आरसिंकच्या डेमनशी (सर्व्हरवर मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमशी) बोलतं, पोर्ट ८७३, आणि तिथे एन्क्रिप्शन नाही, सगळं उघडं जातं. एका जास्तीच्या कोलनचा फरक आहे हो! त्या डेमनमध्ये हीप ओव्हरफ्लोचा (मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याचा) गंभीर बग पण सापडला होता, तो जानेवारी २०२५ मध्ये ३.४.० मध्ये दुरुस्त झाला, म्हणून आरसिंक जुनं असेल तर अपडेट करून घ्या आणि डेमन इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

आणि खरी सुरक्षितता जिथे ठरते ती जागा लोक एका सेकंदात ओलांडून जातात. पहिल्यांदा कनेक्ट केलं की स्क्रीनवर विचारतं, या होस्टची खात्री पटवता येत नाही, फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या कीची छोटी ओळखखूण) हा असा असा आहे, पुढे जाऊ का. बरेच जण न वाचता येस टाइप करतात. थांबून एवढंच करायचं: सर्व्हरवर ज्याला थेट बसता येतं त्याला एसएसएच-कीजेन या कमांडला डॅश एल आणि डॅश एफ देऊन सर्व्हरच्या पब्लिक कीचा फिंगरप्रिंट काढायला सांगायचा आणि फोनवर दोन्ही जुळवून बघायचे. पुढे कधी "होस्टची की बदलली आहे" असा मोठा इशारा आला तर सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झालाय का हे आधी विचारा, लगेच आपल्याकडे साठवलेल्या जुन्या कीची ओळ पुसून मोकळे होऊ नका.

एससीपीबद्दल. हे आरसीपी या कॉपी करायच्या जुन्या कमांडवरून आलेलं, आणि सोपं म्हणजे इतकं सोपं की कुणालाही दोन मिनिटांत येतं, एससीपी लिहायचं, फाइलचं नाव, मग युजर ॲट होस्ट, कोलन, पलीकडचा पाथ, संपलं. पण आतला जुना प्रोटोकॉल वाईट होता, सर्व्हर बदमाश असेल तर तुम्ही मागितलेल्या फाइलऐवजी तो दुसऱ्याच नावाची फाइल तुमच्या फोल्डरमध्ये लिहू शकत होता. एप्रिल २०१९ मध्ये ओपनएसएसएच ८.० आलं तेव्हा खुद्द ओपनएसएसएचवाल्यांनीच लिहून टाकलं की हा प्रोटोकॉल जुनाट आहे, नीट दुरुस्त होण्यासारखा नाही, एसएफटीपी किंवा आरसिंक वापरा. मग एप्रिल २०२२ च्या ९.० पासून एससीपी ही कमांड तीच राहिली पण आतून एसएफटीपीच बोलायला लागली. म्हणजे आज नवीन व्हर्जन असेल तर "एससीपी असुरक्षित आहे" हे जुनं वाक्य घोकायची गरज नाही. फक्त पलीकडे एखादं जुनं राउटर किंवा छोटं डिव्हाइस असेल ज्यात एसएफटीपीच नाही, तर कॉपी फेल होते, तिथे डॅश कॅपिटल ओ दिलं की जुना प्रोटोकॉल चालू होतो, तेवढ्यापुरता द्या, सवय लावू नका.

एससीपीची खरी अडचण वेगळी आहे. अर्ध्यात तुटलं तर परत पहिल्यापासून, मोठी फाइल आणि अडखळणारं नेट असेल तर डोक्याला ताप. शिवाय पोर्ट वेगळा असेल तर एसएसएचला छोटा पी लागतो आणि एससीपीला कॅपिटल पी, कारण छोटा पी आधीच फाइलची वेळ जपायला दिलेला आहे, आणि एसएफटीपीलाही कॅपिटलच, आणि आरसिंकला तर डॅश ई देऊन अवतरणात एसएसएचची अख्खी कमांड लिहावी लागते. हे कुणालाच पाठ होत नाही. होम फोल्डरमधल्या डॉट एसएसएचमध्ये कॉन्फिग नावाची फाइल करा, त्यात होस्टला एक टोपणनाव, खरा पत्ता, युजर, पोर्ट आणि की लिहून टाका, मग तिन्ही कमांडना ते टोपणनावच पुरतं, विंडोजवरही.

एसएफटीपीचं लोकांना कौतुक कमी आहे आणि माझ्या मते ते चुकीचं आहे. आत शिरलं की एक प्रॉम्प्ट मिळतो, एलएस ने पलीकडची यादी बघा, एलएलएस ने आपल्याकडची, सीडी ने तिकडे फिरा आणि एलसीडी ने इकडे, गेट ने आणा, पुट ने पाठवा, अख्खं फोल्डर असेल तर डॅश आर. मधेच तुटलं तर रीगेट किंवा रीपुट ने जिथे थांबलं तिथून पुढे, जे एससीपीला जमत नाही. स्क्रिप्टमध्ये घालायचं असेल तर कमांड एका फाइलीत लिहून डॅश बी ने ती फाइल द्यायची, मात्र तिथे पासवर्ड विचारत बसत नाही, की लागतेच. अजून एक मोठा फायदा सर्व्हरच्या बाजूने आहे, एखाद्याला फक्त फाइली ठेवायला जागा द्यायची आणि शेल (कमांड चालवायची मुभा) द्यायचाच नाही, तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये इंटर्नल-एसएफटीपी आणि क्रूट डिरेक्टरी लावून त्याला एका फोल्डरात बंद करता येतं. बाहेरच्या माणसाला ॲक्सेस द्यायचा असेल तर मी दुसरं काही बघणारच नाही. फक्त पुन्हा पुन्हा सिंक करायला हे बेकार, कुठली फाइल बदलली आणि कुठली नाही याचा हिशोब एसएफटीपी ठेवत नाही, सांगाल ते सगळं पाठवतं.

तो हिशोब ठेवतं आरसिंक, आणि म्हणूनच ते या तिघांत सगळ्यात ताकदीचं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये काढलं. आधी ते प्रत्येक फाइलचा साइज आणि बदलल्याची वेळ बघतं, दोन्ही सारखं असेल तर हातच लावत नाही, आणि फरक असेल तर फाइलचे ब्लॉक करून जेवढे बदललेत तेवढेच पाठवतं. मोठी लॉग फाइल किंवा डेटाबेसचा साधा डम्प असेल तर दुसऱ्या दिवशी क्षणात काम होतं, झिप केलेल्या किंवा एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीत मात्र थोडं बदललं तरी पुढचं सगळंच बदलतं त्यामुळे तिथे एवढा फायदा दिसत नाही. डॅश कॅपिटल पी दिला की अर्धवट फाइल जपून ठेवतं आणि प्रोग्रेस पण दाखवतं.

पण दोन ठिकाणी आरसिंक चावतं. एक म्हणजे सोर्सच्या शेवटचा स्लॅश, फोटोज लिहिलं तर पलीकडे फोटोज नावाचं फोल्डर तयार होतं, आणि फोटोज स्लॅश लिहिलं तर आतला माल थेट पलीकडच्या फोल्डरात ओतला जातो. दुसरं म्हणजे डिलीटचं ऑप्शन, सोर्समध्ये जे नाही ते पलीकडून उडवतं, आणि हे दोन एकत्र आले की पलीकडचं नको ते साफ होतं. म्हणून डिलीट द्यायच्या आधी डॅश एन आणि डॅश व्ही देऊन एकदा कोरडी चाचणी घ्या, काय काय उडणार त्याची यादी समोर येते, ती वाचा, मगच खरं चालवा.

मग सगळीकडे आरसिंकच का नाही? विंडोजमुळे. आरसिंक दोन्ही टोकांना इन्स्टॉल असावं लागतं आणि विंडोजमध्ये ते येतच नाही. एससीपी आणि एसएफटीपीचं तसं नाही, २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएचचा क्लायंट सोबतच येतो, पॉवरशेल उघडलं की कमांड हजर, त्यामुळे फक्त फाइल कॉपीसाठी पुटी (विंडोजवरचा जुना एसएसएच प्रोग्रॅम) आणि त्याचं पीएससीपी मुद्दाम टाकायची गरज आता फारशी उरली नाही. आरसिंक हवंच असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय), नाहीतर सिगविन किंवा एमसिस२ (लिनक्ससारख्या कमांड विंडोजवर आणणारे संच). त्यातही गंमत बघा, सी कोलन असा पाथ दिला की आरसिंकला वाटतं सी हे कुठल्यातरी होस्टचं नाव आहे, आणि मग "सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्ही रिमोट चालत नाहीत" असा एरर तोंडावर मारतं आणि माणूस म्हणतो अरे माझी तर डिस्क समोर आहे. डब्ल्यूएसएलमध्ये पाथ स्लॅश एमएनटी स्लॅश सी असा द्यायचा, सिगविनमध्ये स्लॅश सिगड्राइव्ह स्लॅश सी. आणि विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिताना नेहमीचा डॅश ए (परमिशन, ओनर सगळं जसंच्या तसं नेणारा) देऊ नका, लिनक्सच्या परमिशन आणि ओनर तिथे नीट बसत नाहीत, डॅश आरटीव्ही एवढं पुरे.

पलीकडचा सर्व्हर विंडोज असेल तर ओपनएसएसएच सर्व्हर ऑप्शनल फीचरमधून चालू करावा लागतो. एसएफटीपीने आत गेलात की पाथ स्लॅश, सी, कोलन, स्लॅश, युजर्स असा दिसतो, ते बरोबरच आहे. तिथला युजर ॲडमिन असेल तर त्याची पब्लिक की त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवून उपयोग नाही, प्रोग्रामडेटाच्या एसएसएच फोल्डरात ॲडमिनिस्ट्रेटर्स अंडरस्कोर ऑथराइज्ड अंडरस्कोर कीज नावाची वेगळी फाइल लागते, यात लोकांचे तासन् तास जातात.

मॅकवाल्यांचं बरं आहे, तिन्ही कमांड आधीच असतात. पण ॲपलने आरसिंक वर्षानुवर्षं २.६.९ वरच ठेवलं होतं, म्हणजे २००६ चं, आणि सेक्वोया १५.४ पासून त्याजागी ओपनआरसिंक (आरसिंकचंच वेगळं लिहिलेलं रूप) आलंय, त्यामुळे लिनक्सवरची लांबलचक ऑप्शनवाली कमांड मॅकवर जशीच्या तशी चालेलच असं नाही, होमब्रूमधून (मॅकवर प्रोग्रॅम टाकायच्या साधनातून) नवीन टाका. मॅकमध्ये बाहेरून घ्यायचं असेल तर शेअरिंगमध्ये रिमोट लॉगिन चालू करा, आणि लॉगिन झालं तरी डॉक्युमेंट्स उघडेना झालं तर तिथेच फुल डिस्क ॲक्सेसचं बटण आहे ते बघा.

कमांड कुठलीही घ्या, फाइलींची नावं तुम्हाला गाठणारच. लिनक्समध्ये एकच नाव एकदा कॅपिटल आणि एकदा छोट्या अक्षरात अशा दोन फाइली सुखाने राहतात, विंडोज आणि मॅकवर सहसा त्या एकच, म्हणजे दुसरी पहिलीवर लिहिली जाते, गुपचूप. नावात कोलन, प्रश्नचिन्ह किंवा स्टार असेल तर विंडोजवर एकतर एरर येतो नाहीतर नाव भलतंच होतं. आणि मराठी नावं असतील तर, मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क "दुसऱ्या" मधला ऱ हा र आणि नुक्ता असा तोडून साठवते, लिनक्सवर गेल्यावर दिसायला नाव तेच पण आतले बाइट वेगळे, मग आरसिंकला वाटतं ही नवीनच फाइल आहे आणि एकाच नावाच्या दोन फाइली समोर येतात. आरसिंक ३ मध्ये यासाठी आयकॉन्व्ह नावाचं ऑप्शन आहे, मॅककडून यूटीएफ-८-मॅक आणि लिनक्सकडे यूटीएफ-८ असं सांगायचं.

हजारो बारक्या फाइली असतील आणि एकदाच पाठवायच्या असतील तर तिन्ही बाजूला ठेवा, प्रत्येक फाइलमागे होणाऱ्या देवाणघेवाणीतच वेळ जातो. टार करून (सगळ्या फाइली एकत्र बांधून) पाइपने थेट एसएसएचमध्ये सोडा आणि पलीकडे उघडा. विंडोजमध्येही टार आहे, फक्त पॉवरशेल ७.४ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये पाइपमधून बायनरी डेटा बिघडतो, म्हणून तिथे साधं सीएमडी वापरा किंवा आधी टार फाइल बनवून मग पाठवा.

शेवटी पोचलं ते बरोबर पोचलं का, हे महत्त्वाच्या फाइलीला तपासाच, खास करून मधे तुटून परत जोडलं असेल तर. दोन्हीकडे फाइलचा हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारी खूण) काढून जुळवा: लिनक्सवर एसएचए२५६सम, मॅकवर एसएचएसम ला डॅश ए २५६, आणि पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश. पॉवरशेल अक्षरं कॅपिटलमध्ये दाखवतं आणि बाकीचे दोघे छोट्या अक्षरात, त्यामुळे नुसती नजर टाकली तर वेगळे वाटतात, पण हॅश तोच असतो.